ओतताना बोलायचं नाही

"थांबवा" हा एकच शब्द बोलायचं काम माझ्याकडे होतं, आणि तोही मला वेळेवर बोलता आला नाही.

मे महिन्यातली दुपार होती. चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत मी एकटी हेडफोन लावून बसले होते. कूलर बंद केला होता, कारण त्याच्या घरघरीत पलीकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मे महिन्यात चंद्रपुरात कूलर बंद करून बसणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच माहीत. घाम कोपरावरून टेबलावर ठिबकत होता आणि मी पडद्यावरच्या एका राखाडी चौकोनाकडे टक लावून बघत होते.

तो चौकोन म्हणजे परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेतली नखाएवढी मूस होती. मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं. तिच्यात ॲल्युमिनियम आणि थोडं तांबं वितळवलेलं होतं, आणि वरून एक कांडी बुडवलेली होती. ही कांडी सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा थरथरते. एवढी जलद थरथर माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, पण ती द्रवात शिरली की तिथे बारीक बुडबुडे उठतात, फुगतात, फुटतात, आणि त्या दणक्याने गोठत चाललेल्या धातूच्या स्फटिकांच्या फांद्या मोडतात. फांद्या मोडल्या की दाणा बारीक पडतो, आणि बारीक दाण्याचा धातू मजबूत होतो. हे पुस्तकांत लिहिलेलं होतंच. पण वितळलेल्या धातूच्या आत डोळा घालणार कसा? त्यासाठी तिथले एक्स-रे. दवाखान्यातलं यंत्र एक फोटो काढतं आणि आपल्याला घरी पाठवतं. तिथला कॅमेरा पापणी लवते तेवढ्यात हजारो फोटो काढतो, आणि मग ते सावकाश चालवून बघता येतात.

आमचा प्रश्न साधा होता. थरथर नेमकी कधी थांबवायची? लवकर थांबवली तर फायदा अर्धवट. उशिरा थांबवली तर काय होतं, हे मात्र कोणी नीट सांगत नव्हतं. अर्ज करून करून आम्हाला तिथल्या यंत्रावर दोन दिवस मिळाले होते. माझा व्हिसा वेळेत आला नाही, म्हणून माझ्या मार्गदर्शक मॅडम एकट्याच गेल्या. भट्टी आणि कांडी त्यांनी सांभाळायची, चित्र मी इथे बसून बघायचं, आणि स्फटिक एकमेकांना भिडायला लागले की मी "थांबवा" म्हणायचं, असं आमचं ठरलं. असली चित्रं बघण्यात मी डोळे फोडून घेतले होते, त्यामुळे ते भिडणं मला मॅडमपेक्षा आधी ओळखू येई.

त्या दुपारी आमचा शेवटचा तास होता आणि शेवटचा धड नमुना मुशीत होता.

"बघते आहेस ना?" मॅडमनी विचारलं.

"बघतेय. अजून नाही," मी म्हटलं.

राखाडीत काळसर फांद्या फुटायला लागल्या होत्या. बुडबुडे त्यांच्यावर आदळत होते. मी म्हटलं, "अजून नाही." फांद्या मोडून खाली बसत होत्या, मोडलेल्या पुन्हा वाढत होत्या.  पाण्याची बाटली हाताशी होती, पण हात हलवायची भीती वाटत होती. मग चित्र अगदी स्तब्ध झालं. मला वाटलं, एवढं शांत गोठताना मी कधी पाहिलं नाही. आणि तेव्हा टेबलाखालच्या यूपीएसने पिपाणी वाजवली.

वीज डुलकी घेऊन परत आली होती. तेवढ्यात इंटरनेट गेलं होतं. मी जे शांत चित्र बघत होते ते अडकलेलं चित्र होतं, आणि तिकडे कांडी थरथरतच होती. मी "थांबवा, थांबवा" म्हणत बसले, ते कोणाला ऐकू जाणार? इंटरनेट परत आलं तेव्हा मॅडम विचारत होत्या, "आहेस का तिकडे?" मी ओरडले. त्यांनी कांडी बंद केली. सात सेकंद उशीर झाला होता.

 मग मॅडम म्हणाल्या, "गेला नमुना. वेळ पण संपला." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तापट बाई आहे, रागाला राग देता येतो. त्या नुसत्या थकलेल्या वाटल्या, ते मला सहन झालं नाही. फोन ठेवल्यावर मी त्या यूपीएसला लाथ घातली. अंगठा सुजला, यूपीएसला काही झालं नाही.

संध्याकाळपर्यंत त्या फसलेल्या नमुन्याची फिल्म आली. फेकायच्या आधी बघावी म्हणून मी ती चालवली. सगळं सावकाश दिसायला लागलं. फांद्या वाढल्या, भिडल्या, त्यांचा आतल्या आत एक सांगाडा तयार झाला. इथे "थांबवा" म्हणायचं होतं. थरथर चालूच राहिली. आणि तो सांगाडा फाटायला लागला. स्फटिकांच्या मधून काळ्या, वाकड्यातिकड्या, दातेरी रेघा उघडत गेल्या. धातू पूर्ण द्रव असता तर तो त्या फटींत वाहून गेला असता आणि त्या बुजल्या असत्या. पूर्ण घट्ट असता तर फाटला नसता. तो अर्धवट होता, म्हणून फाटला, आणि फट उघडी ठेवूनच गोठला.

मी फिल्म तिथेच थांबवली. नमुना वाया गेला म्हणून नाही. धातूला अर्धवट गोठल्यावरही हलवत राहणारा एक माणूस मला माहीत होता, आणि ते माझे बाबा होते.

मूल या आमच्या तालुक्याच्या गावी, बाजारामागे, आमचं ओतकाम होतं. लोक त्याला कारखाना म्हणत; खरं तर पत्र्याचं छप्पर, एक भट्टी, वाळूचा ढीग आणि कोळशाची पोती, एवढाच तो कारखाना. बाबा आणि माझे धाकटे काका मिळून तो चालवत. गडचिरोली, चामोर्शीकडच्या गावांतून फेरीवाले फुटकी जर्मनची भांडी आणत. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. ते भंगार निवडायचं, पुसायचं, वितळवायचं आणि वाळूच्या साच्यात ओतून त्याची पातेली, झाकणं, राईस मिलला लागणाऱ्या पुल्या करायच्या. तालुक्यात धान भरपूर, राईस मिली भरपूर, त्यामुळे काम असायचं.

बाबांचा एक नियम होता. मूस भट्टीतून उचलली की बोलायचं नाही. ओतून झाल्यावर ते साच्याच्या लाकडी चौकटीवर लोखंडी सळीने ठोकत बसत आणि कान देत. आत धातू पातळ असला की आवाज दबका येतो, गोठला की खणखणीत. खणखणीत आवाज आला की सळी खाली, आणि सळी खाली पडली की बोलायला मोकळीक. ठोकल्याने धातू साच्यात नीट बसतो, असा त्यांचा अनुभव, आणि तो चुकीचाही नव्हता. एकदा एका गिऱ्हाइकाने मध्येच "राम राम" घातला म्हणून बाबांनी त्याला बाहेर काढलं होतं. काका तर इतके मुरले होते की ओतताना त्यांना शिंकसुद्धा येत नसे.

मी दहावीत होते तेव्हा दिवाळीच्या आधी एका मिलवाल्याने कोंडा उडवायचा मोठा पंखा ओतून मागितला. तसा पंखा बाबांनी त्याआधी केला नव्हता. मधला बुंधा मनगटाएवढा जाड आणि त्याला चिकटलेली चार पाती पातळ. पंखा झाला, बसला, फिरला. धानाचा हंगाम भरात आल्यावर एक दिवस चालत्या पंख्याचं पातं मुळातून तुटून उडालं आणि तिथल्या हमालाची उजव्या हाताची दोन बोटं घेऊन गेलं.

मिलवाल्याने तुटका पंखा बैलगाडीत घालून आणला आणि आमच्या दारात टाकला. चार माणसं जमली. बाबा म्हणाले, भंगार ओलं असणार. ओलं भंगार मुशीत गेलं की धातूत वाफ कोंडते, आत भोकं पडतात आणि ओतीव माल तुटतो, हे खरंच आहे. आणि पंखा ओतला त्या दिवशी भंगार काकांनी निवडलं होतं. काका एक शब्द बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी ते काकूंना घेऊन जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कोरपन्याला, निघून गेले. काठी मारून पाणी दुभंगत नाही म्हणतात. आमच्या घरी दुभंगलं. आजीचं तेरावं सोडलं, तर चौदा वर्षं दोघे भाऊ एकमेकांच्या दारात गेले नाहीत.

ती फिल्म बघितल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मॅडमना फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सळीची ठोकणी आणि आपली थरथर एक नाही. एका फसलेल्या नमुन्यावरून घरातल्या माणसाला दोषी ठरवशील? आधी तो पंखा बघ." त्यांचं बरोबर होतं. पंखा होता. ज्या धातूला माणसाचं रक्त लागलं तो पुन्हा मुशीत घालायचा नाही, असं आमच्याकडे पाळतात, त्यामुळे तो पोत्यांच्या मागे तसाच पडून होता.

रविवारी मी मूलची बस धरली. बाबांना म्हटलं, कॉलेजात मुलांना दाखवायला जुना माल पाहिजे. बाबा आता ओतकाम करत नाहीत, गुडघे गेले त्यांचे, पण कोणी त्यांच्या धंद्यातलं काही मागितलं की खुलतात. पंख्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. "ने तो," एवढंच म्हणाले. मी गोणपाटात बांधून तो चंद्रपूरला आणला. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "काय होय वं हे, एवढं जड?" मी म्हटलं, पंखा. ती म्हणाली, "उन्हाळा तं आहेच बाप्पा."

सोमवारी मी चारही पात्यांच्या मुळाशी एकेक तुकडा कापला आणि बुंध्याचा एक. घासले, चकचकीत केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. काय शोधायचं ते मला पक्कं माहीत होतं. भंगार ओलं असेल तर भोकं गोल असणार, आणि सगळ्यात जास्त बुंध्यात असणार, कारण जाड भाग उशिरा गोठतो आणि वाफ तिथे साठते. ठोकल्याने फाटला असेल तर फटी दातेरी असणार आणि पात्याच्या मुळाशी असणार. बुंधा मी आधी बघितला, आणि खरं सांगते, गोल भोकं दिसू देत असं मनात म्हणत बघितला. भोकं दिसली नाहीत. एखाददुसरं असतं तेवढंच. मग पहिलं पातं. स्फटिकांच्या मधून वाकडीतिकडी काळी रेघ गेली होती. दुसरं पातं, तशीच. तुटलेलं धरून चारही तशीच.

बाबांचं काय चुकलं ते मला तिथे खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. आयुष्यभर त्यांनी एकसारख्या जाडीचा माल ओतला. या पंख्यात पातळ पाती आधी गोठू लागली आणि जाड बुंधा अजून पातळ होता. बाबांचा कान बुंध्यावर होता. तो दबका वाजत होता, म्हणून ते ठोकत राहिले. पाती तोवर अर्धवट गोठली होती.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, जी मी आतापर्यंत टाळली. दारात पंखा आणून टाकला तेव्हा जमलेल्या माणसांसमोर बाबांनी मला हाक मारली होती. सुट्टीच्या दिवशी भंगार निवडायला मीही बसत असे, म्हणून. त्यांनी विचारलं, "भंगार वलं होतं ना वं?" तो प्रश्न नव्हताच. त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मी त्याआधी कधी बघितली नव्हती. आणि मी म्हटलं, "हो. थोडं वलं होतं." मी ते भंगार पाहिलं नव्हतं. काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. चौदा वर्षं मी स्वतःची समजूत घातली होती की असेल, ओलंच असेल, पाऊस नुकताच सरला होता. सूक्ष्मदर्शकाखालच्या त्या तुकड्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही.

पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन मी मूलला गेले. चहा झाला. आई आतल्या खोलीत होती. मी लॅपटॉप उघडला.

"बाबा, तुमाले एक दाखवाचं आहे."

फिल्म लावली. बाबांनी चष्मा पुसला आणि वाकून बघू लागले. "हे काय होय?"

"जर्मन गोठून राह्यलं. आतून."

"आतून असं दिसते?" ते म्हणाले. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. पन्नास वर्षं ज्या गोष्टीला त्यांनी कानाने ओळखलं ती त्यांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसत होती. "तुरीच्या झाडावानी फांद्या फुटते पाह्य," ते आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. लहान मुलासारखे खूश झाले होते ते. मला वाटलं, इथेच लॅपटॉप मिटावा आणि पाच वाजताची बस धरावी. कोणी काही विचारणार नव्हतं.

मी मिटला नाही. फिल्म पुढे सरकली आणि रेघा उघडल्या. बाबांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे काऊन फाटलं?"

"अर्धं गोठल्यावर बी हालवत राह्यलो, म्हणून. माह्याच हातून झालं. थांबवाले उशीर झाला."

 मग मी पंख्याच्या तुकड्यांचे फोटो उघडले आणि एकेक दाखवत गेले. हे पात्याचं मूळ. हे दुसऱ्या पात्याचं. हा बुंधा. मी एकदाही "ठोकणं" हा शब्द उच्चारला नाही. गरजच नव्हती. ज्याने मला गोल भोकं ओळखायला शिकवलं तोच माणूस समोर बसला होता.

"गोल भोकं कुठी आहे?" त्यांनी विचारलं.

"नाई आहे."

"बुंध्यात बी?"

"बुंध्यात बी नाई."

बाबा मागे टेकले. आई आत भांडी लावत होती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ते काय विचारणार ते मला कळलं.

"तू तं म्हटलं होतं, भंगार वलं होतं."

"तुमी विचारलं म्हणून म्हटलं. म्या पाह्यलं नव्हतं."

मला वाटलं ते हात उगारतील. एकोणतीस वर्षांच्या मुलीवरही उगारतील.  मी जागेवरून हलले नाही, कारण त्या घटकेला मला मार हवाच होता. पण ते उठले, काठी घेतली आणि बाहेर पडले. दोन तासांनी परत आले तेव्हा त्यांनी सांगितलं की त्या हमालाच्या घरी जाऊन आलो. तो आता शेळ्या राखतो. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी ना तेव्हा सांगितलं, ना नंतर. पाय धुऊन आत येताना एवढंच म्हणाले, "उद्या कोरपन्याले जाऊ. तू बी चाल."

मूलहून चंद्रपूर, चंद्रपूरहून दुसरी बस. राजुऱ्याच्या पुढे सिमेंटची धूळ सुरू झाली. बाबा खिडकीशी बसले होते आणि सगळा रस्ता त्यांनी समोरच्या सीटची दांडी धरून ठेवली होती. दोनदा मला वाटलं ते उतरून परत जाऊ म्हणतील. एकदा मलाच तसं म्हणावंसं वाटलं. फोन करून कळवायचं का, मी विचारलं. ते म्हणाले, "कळवलं तं घरी नाई सापडन तो."

कोरपन्याला काकांचं बसथांब्याजवळ वेल्डिंगचं दुकान होतं. कापसाचे फवारणी पंप, ट्रॉलीची फाळकी, असलं काम. ओतकामाला त्यांनी पुन्हा हात लावला नव्हता, हे मला ऐकून माहीत होतं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. काका पायरीवर बसून वायरी गुंडाळत होते. केस पूर्ण पांढरे झाले होते. आम्हाला बघून ते उठले नाहीत, पण वायरी खाली ठेवल्या.

"बसा," ते म्हणाले.

बाबा बसले नाहीत. काठीवर भार देऊन उभेच राहिले आणि आल्या आल्या बोलून टाकलं, थांबले असते तर जमलं नसतं. "पंखा माह्या हातानं फुटला. तुह्या भंगारानं नाई. पोट्टीनं तपासून पाह्यला."

"मले माहीत आहे," काका म्हणाले.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. पात्याचा आवाज आधी बदलला होता, भाऊ. तू बुंध्याचा आवाज ऐकून राह्यला होता. मी दोन खेपा तुह्याकडे पाह्यलं. तुही मान खालीच."

"मंग बोलला काऊन नाई?"

"ओततानी?" काकांनी विचारलं.

बाबा तेव्हा पायरीवर बसले. काकू आतून पाणी घेऊन आल्या, आमच्याकडे बघून थबकल्या आणि तांब्या तिथेच ठेवून आत गेल्या. बाबांनी विचारलं, "नंतर तं सांगाचं."

"सांगितलं. आईले सांगितलं." काकांचा आवाज चढला नाही. "आई म्हणे, मोठा चुकला असन बी. पण पोट्टीनं भंगार वलं पाह्यलं म्हणते. तिले काय पडलं खोटं बोलाले?"

त्यांची आई, म्हणजे माझी आजी, पंख्याच्या पुढच्याच वर्षी गेली. काका तेराव्याला आले होते, पंगतीत बसले नव्हते, उभ्या उभ्या परत गेले होते. तेव्हा मला ते तुसडेपणाचं वाटलं होतं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं होतं.

आता बोलायची पाळी माझी होती. मी म्हटलं, "काका, म्या पाह्यलं नव्हतं ते भंगार. म्या खोटं बोलली."

"तेही माहीत आहे," काका म्हणाले. पहिल्यांदा त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. "तू घरी होतीच कुठी? सहामाहीचा गणिताचा पेपर होता तुहा. सायकल पंक्चर होती म्हणून मीच तुले शाळेत सोडून आलो, आन् मंग भंगार निवडाले बसलो."

"मंग आजीले हे काऊन नाई सांगितलं?"

काकांनी वायरीचं टोक उचललं आणि पुन्हा गुंडाळायला लागले. "सांगितलं असतं तं भाऊनं तुले सोलून काढलं असतं. दहावीचं वर्ष होतं तुहं."

त्या वर्षी मला दहावीला चांगले मार्क पडले. बाबांनी दोन किलो पेढे आणले होते आणि आम्ही ते मूलच्या बाजारातल्या सगळ्यांना, मिलवाल्यालासुद्धा, घरी नेऊन दिले. कोरपन्याला मात्र कोणी गेलं नाही.